राजाच्या वनाचा राखणदार : किपलिंगच्या मोगलीकथांचे एक वाचन

१

उन्हाळ्याच्या सुट्टीत रामाकोन्याला जमणाऱ्या मुलांना दुपारच्या वेळी गोष्टी वाचून दाखविण्याचा परिपाठ मी काही वर्षांपासून ठेवला आहे. यंदा रडयार्ड किपलिंगच्या मोगलीच्या गोष्टी निवडल्या. निवडीचे कारण साधे होते. मोगलीचे रान म्हणजे सिवनीचे डोंगर आणि त्याची नदी म्हणजे वैनगंगा. आमच्या सौंसर तालुक्यातून वाहणारी कन्हान खाली कामठीकडे पेंचला पोटात घेते आणि पुढे वैनगंगेलाच जाऊन मिळते. तेव्हा ही गोष्ट आपल्याच पाण्याची आहे, असे मुलांना सांगता येईल, एवढाच माझा विचार होता.

गोष्ट मुलांना फार आवडली. दुष्काळात सर्व प्राणी वैर विसरून एका पाण्यावर येतात ती कथा वाचताना, त्या वर्षी अस्वलाच्या आवडीचा मोह फुललाच नाही, असा उल्लेख आला. तेव्हा एका मुलीने विचारले, "फादर, त्या जंगलात मोहफुलं कोन येचते?" मी पाने चाळून पाहिली. मोह होता, फुले होती, ती आवडीने खाणारे अस्वल होते. पहाटे टोपली घेऊन झाडाखाली जाणारी बाई मात्र कोठे दिसली नाही. मुलीला मी त्या दिवशी काही उत्तर दिले नाही. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाला उशिरा दिलेल्या उत्तरासारखा आहे.

किपलिंग साम्राज्यवादी होता, हे सर्वांना ठाऊक आहे, आणि तेच पुन्हा सिद्ध करण्यात काही हशील नाही. त्याच्या कल्पनेतील अरण्याची घडण कशी आहे, त्या अरण्याची संपत्ती कोणाची मानली आहे, आणि तिचा राखणदार कोणाला जबाबदार आहे, हे तपासणे अधिक उपयोगाचे होईल. या तिसऱ्या प्रश्नाशी शास्त्राच्या अभ्यासकाचाही जवळचा संबंध आहे. तो पुढे ओघाने येईलच.

२

किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत, कलाशाळेत शिकविणाऱ्या बापाच्या घरी झाला. भारतातील पहिला वनकायदाही १८६५ सालचाच. लेखक आणि कायदा एकाच वर्षी जन्मले हा केवळ योगायोग आहे; परंतु दोघे एकाच हवेत वाढले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १८८२ ते १८८९ या काळात किपलिंगने लाहोर व अलाहाबाद येथे वृत्तपत्रांत काम केले. मोगलीच्या कथा मात्र त्याने अमेरिकेत, व्हर्मांटच्या बर्फात बसून लिहिल्या. 'जंगल बुक' १८९४ साली व त्याचा दुसरा भाग १८९५ साली प्रसिद्ध झाला. सिवनीचे डोंगर त्याने स्वतः पाहिले नव्हते. पहिल्या कथेच्या आरंभीच्या खर्ड्यात तर स्थळ अरवलीचे होते. ते पुढे बदलून सिवनीचे झाले. सातपुड्याची ओळख त्याला इतरांच्या लेखनातून झाली. सिवनीच्या रानातील तंबूच्या जीवनावर रॉबर्ट स्टर्नडेलने १८७७ साली लिहिलेले पुस्तक त्यांपैकी एक होय.

म्हणजे हे अरण्य नकाशावर आमच्या शेजारी असले तरी ते रचलेले अरण्य आहे. रचलेले म्हणून ते खोटे, असे मी म्हणत नाही. कल्पित राज्य उभारताना लेखकाला प्रत्येक गोष्ट निवडावी लागते. त्यामुळे काय ठेवले आणि काय गाळले, ते कल्पित राज्यातच अधिक स्पष्ट दिसते.

ठेवलेले पुष्कळ आहे आणि ते सुंदर आहे. पाण्याच्या तहाची कथा घ्या. नदीचे पाणी आटून खडक वर येतो, हत्ती तह पुकारतो, आणि त्या क्षणापासून पाण्यावर शिकार करणे हा मृत्युदंडाचा अपराध ठरतो. टंचाई आली म्हणजे बलवानाने हात आखडता घ्यावा, हा विचार लहान मुलाच्या मनात इतक्या सहजपणे रुजविणारी कथा मला दुसरी ठाऊक नाही. किपलिंगच्या अरण्यात मनमानी नाही. तिथे कायदा आहे, तो पाठ करावा लागतो, आणि वाघालाही तो लागू आहे.

पण या कायद्यातील एक कलम नीट पाहावे. माणसाची शिकार करू नये, असा जंगलचा नियम आहे. प्राणी आपसांत त्याचे कारण देतात ते असे की, माणूस दुबळा व निःशस्त्र असल्याने त्याला मारणे खिलाडूपणाचे नव्हे. खरे कारण किपलिंगने पहिल्याच कथेत सांगून टाकले आहे. माणूस मारला की आज ना उद्या हत्तींवर बसून बंदुका घेतलेले गोरे लोक येतात, त्यांच्यामागे घंटा, बाण आणि मशाली घेतलेले शेकडो काळे लोक येतात, आणि मग सगळ्या रानाला भोगावे लागते. म्हणजे जंगलचा कायदा स्वयंभू नाही. त्याच्या पाठीशी जी जरब आहे ती रानाबाहेरून येते. कथेत साहेब जवळजवळ कोठेच दिसत नाही. तरी शेरखानच्या डोक्यावर शंभर रुपये सरकारी बक्षीस आहे, आणि गावाने छळलेली मेसुवा व तिचा नवरा संरक्षणासाठी इंग्रजांकडे, खान्हीवाड्याला, पळतात. रानाच्या प्रत्येक वाटेचे दुसरे टोक असे सरकारी कचेरीत निघते.

गाळलेल्यांपैकी पहिली माणसे पहिल्याच पानांत भेटतात, हेही सांगितले पाहिजे. मोगली लांडग्यांच्या गुहेत येतो तो लाकूडतोड्यांच्या शेकोटीजवळून. शेरखान त्या शेकोटीवर झेप घेतो, त्याचे पाय भाजतात, मुलाचे आईबाप पळून जातात. ते लाकूडतोडे कोण होते, कोणाच्या परवान्याने लाकूड तोडीत होते, पळून कोठे गेले, हे कथा विचारीत नाही. रानात राबणारी माणसे रान सोडून गेल्यावरच किपलिंगची गोष्ट सुरू होते.

३

मोगलीची सर्वांत आधी लिहिलेली कथा मुलांच्या पुस्तकात सहसा नसते. 'इन द रुख' ही ती कथा १८९३ साली प्रौढांसाठीच्या कथासंग्रहात आली. पंजाबात सरकारने राखून ठेवलेल्या रानाला 'रख' म्हणत. 'रुख' हे त्याचेच रूप दिसते. म्हणजे मराठीत आपण ज्याला 'राखीव जंगल' म्हणतो तेच. या कथेत मोगली तरुण झाला आहे आणि वनखात्यात नोकरीस लागतो.

कथेची सुरुवात माणसाने होत नाही, खात्याने होते. हिंदुस्थान सरकारच्या साऱ्या खात्यांत वनखात्याहून महत्त्वाचे खाते नाही, असे सांगून किपलिंग त्याच्या कामांची जंत्री देतो. उघड्या डोंगरांवर पुन्हा झाडी उभी करणे, वाहून येणारी वाळू व सरकणाऱ्या टेकड्या थोपविणे, निलगिरीची लागवड करून पाहणे, वणव्यासाठी जाळरेषा साफ ठेवणे, दुष्काळात रान गुरांना खुले करणे, दगडी कोळसा न जाळणाऱ्या रेल्वेसाठी सरपण तोडणे, आणि लागवडीच्या नफ्याचा हिशेब पाच दशांश स्थळांपर्यंत काढणे. उत्तर ब्रह्मदेशातील साग, पूर्वेकडील रबर आणि दक्षिणेतील हिरडा ही या खात्याची संपत्ती. लेखकाने हे सर्व मनापासून, कौतुकाने लिहिले आहे. आणि त्यातील बरेचसे खरेही आहे. उजाड झालेल्या टेकडीवर माती धरून ठेवणे हे पुण्याचेच काम होय. ज्यांनी ते केले त्यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

परंतु या जंत्रीत एक रचना आहे. साग, रबर, हिरडा, सरपण हे पदार्थ नावानिशी येतात. ते गोळा करणारे हात येत नाहीत. दुष्काळात गुरे येतात ती खात्याच्या कृपेने, हक्काने नव्हे. हे वर्णन १८७८ च्या वनकायद्याशी ताडून पाहिले तर लेखकाने काही नवीन रचलेले नाही, हे कळते. त्या कायद्याने राखीव, संरक्षित व ग्राम असे वनांचे तीन वर्ग केले. राखीव वनात सरकारने जे स्पष्टपणे दिले नाही ते सर्व मनाई ठरले. कायदा होण्यापूर्वी सरकारी अधिकाऱ्यांतच मोठा वाद झाला होता. बेडन हेन्री बेडन-पॉवेल या मुलकी अधिकाऱ्याचे म्हणणे असे की, लोक रानाचा उपयोग करीत आले ती केवळ सवलत होती, तो हक्क नव्हता. उलट, १८६४ पासून वनखात्याचे पहिले महानिरीक्षक असलेले जर्मन शास्त्रज्ञ डीट्रिख ब्रँडिस यांना गावांचे वहिवाटीचे हक्क मान्य करून त्यांची स्वतःची रानेही राखावीत असे वाटे. शेवटी बेडन-पॉवेल यांच्या बाजूचा जोर झाला. ग्रामवनाचे कलम कायद्यात राहिले, पण व्यवहारात त्याला फारसे महत्त्व उरले नाही.

किपलिंगच्या कथेतही एक जर्मन महानिरीक्षक आहे. त्याचे नाव म्युलर. हे पात्र मोठे मजेदार आहे, आणि आमच्यासारख्या वाचकाला चकित करील असे काही तो बोलतो. रात्री शेकोटीपाशी बसून तो आपल्या कनिष्ठ अधिकाऱ्याला, गिसबॉर्नला, सांगतो की अहवाल लिहिताना आपण नास्तिक असतो. पण इथे रानात आपण ख्रिस्ती माणसाहूनही अधिक काही असतो, मूर्तिपूजकसुद्धा असतो. मोगलीला पाहिल्यावर त्याला एदेन बागेतील आदाम आठवतो. आता हवी फक्त एक हव्वा, असे तो म्हणतो. आणि लगेच, हा मुलगा त्या जुन्या गोष्टीहूनही जुना आहे, जसे रान देवांहून जुने आहे, अशी दुरुस्ती करतो.

मग हा साहेब आदामाला काय देतो? नोकरी. मोगलीने रानात फिरून पहारा करावा. हुकूम नसेल तेव्हा गावकऱ्यांच्या शेळ्या हाकलून द्याव्यात, हुकूम असेल तेव्हा आत येऊ द्याव्यात. डुकरे व नीलगायी वाढू देऊ नयेत. वाघांच्या हालचाली कळवाव्यात. वणव्याची वर्दी सर्वांआधी द्यावी. याबद्दल दरमहा रोख पगार, आणि पुढे बायको, गुरे, मुले झाल्यावर निवृत्तिवेतन. मोगली ती नोकरी स्वीकारतो. ज्या चार लांडगेभावांबरोबर तो वाढला, तेही मग साहेबाच्या कामी येतात.

मुलांच्या पुस्तकातील मोगलीचे वैभव ज्याने अनुभवले आहे, त्याला हा शेवट खटकतो. पण हा नुसता ओढूनताणून केलेला शेवट नव्हे. कथा लिहिली गेली ती याच टोकाकडून. लेखकाला आधी वनरक्षक दिसला. त्याचे बालपण त्याने मागाहून रचले. रानाची भाषा जाणणारा, जात नसलेला, गाव नसलेला, कोणाचाही ऋणी नसलेला माणूस ही साम्राज्याच्या वनखात्याची सर्वांत गोड कल्पना होती. असा नोकर मिळाला तर रानाचे सर्व ज्ञान सरकारला मिळते, आणि त्याच्यामागे हक्क मागणारे एकही गाव उभे राहत नाही.

४

तरीही किपलिंग हा मोठा लेखक आहे, आणि मोठ्या लेखकाच्या हातून त्याच्या मताविरुद्धचे सत्यही लिहून जाते. दुसऱ्या भागात मोगली गावावर रान सोडतो ती कथा पाहावी. हत्ती, हरणे, डुकरे शेते उद्ध्वस्त करतात. उपासमार आली म्हणून गावकरी रानात फळे-बिया वेचायला जातात, तर झाडीतून चकाकणारे डोळे त्यांना परतवून लावतात. शेवटी ते गोंडांच्या मुखियाला बोलावून घेतात. गोंड हे या भूमीचे मूळ मालक, असे लेखक इथे स्वच्छ शब्दांत सांगतो. हाती धनुष्य, केसांत विषारी बाण अशा वेषात तो एका पायावर उभा राहतो. तुझे देव आमच्यावर कोपले आहेत काय, असे त्याला विचारतात. तो काहीच बोलत नाही. कारल्याचा एक रानवेल उपटून तो देवळाच्या दारावर ताणून बांधतो, खान्हीवाड्याच्या वाटेकडे हात दाखवितो आणि रानात निघून जातो.

मोगलीकथांतील हे एक विलक्षण पान आहे. ज्याला लेखकाने स्वतः मालक म्हटले, त्याला तो एक शब्दही बोलू देत नाही. लांडगा बोलतो, अजगर बोलतो, वाघ खोटे बोलतो, माकडे तर सारखी बडबडतात. गोंड तेवढा मुका. तो भविष्य सांगतो, पण हक्क सांगत नाही. आमच्या त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर इथे होते. मोहफुले वेचणारी बाई याच मुक्या माणसाच्या घरची. तिला कथेत आणले असते तर तिला बोलू द्यावे लागले असते, आणि ती बोलली असती तर शेळ्या हाकलण्याच्या नोकरीत मोगलीची शोभा राहिली नसती.

पुस्तकात जो बोलला नाही तो पुढे रानात बोलला. १९३० च्या कायदेभंगात मध्यप्रांत व वऱ्हाडाला मिठासाठी समुद्र नव्हता. इथे लोकांनी जंगलचा कायदा मोडला. १० जुलै १९३० रोजी पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव रानातील गवत कापून सत्याग्रह केला. पाहता पाहता ही चळवळ सातपुड्यात पसरली. ९ ऑक्टोबर १९३० रोजी सिवनी जिल्ह्यातील टुरिया येथे गवत कापण्यासाठी जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. तीन स्त्रिया व एक पुरुष ठार झाले. 'जंगल बुक' प्रसिद्ध होऊन तेव्हा छत्तीस वर्षे झाली होती. किपलिंग हयात होता. तो १९३६ साली वारला.

आता आमच्या गावाकडे येतो. छिंदवाड्यातील आदिवासींचे पुढारी बादल भोई हे परासिया भागातील डुंगरियाचे. १९२३ साली त्यांच्या नेतृत्वाखाली हजारो आदिवासींनी छिंदवाड्यास जिल्हाधिकाऱ्याच्या बंगल्यापुढे निदर्शने केली. त्यांच्यावर लाठ्या चालल्या. पुढे २१ ऑगस्ट १९३० रोजी जंगल कायदा मोडल्याबद्दल त्यांना अटक झाली, ती रामाकोना येथे. तिथून त्यांना चांद्याच्या तुरुंगात पाठविण्यात आले. १९४० साली त्यांचा अंत झाला. छिंदवाड्याच्या आदिवासी संग्रहालयाला १९९७ साली त्यांचे नाव देण्यात आले, आणि २०२४ साली त्याची नवी वास्तू स्वातंत्र्यसैनिकांचे संग्रहालय म्हणून खुली झाली.

सौंसरहून रामाकोन्यावरून छिंदवाड्याच्या घाटाकडे जाणारा रस्ता मी अनेक वर्षे तुडवीत आहे. खाली संत्र्याच्या बागा आणि कापूस, वर सागाचे रान. मोगलीच्या गोष्टी मी लहानपणापासून जाणत होतो. ज्या गावात राहतो तेथे बादल भोईंना धरले होते हे मात्र मला चाळिशीत कळले. हा माझ्या वाचनाचा दोष आहे, आणि तो माझ्या एकट्याचा नसावा.

५

इथे शास्त्राकडे वळणे भाग आहे. कारण आदामाचे नाव म्युलरनेच काढले आहे. आपली मराठी भाषा या बाबतीत मूळ इब्रीशी मोठी प्रामाणिक राहिली आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायाच्या पंधराव्या वचनात मनुष्याला एदेन बागेत दोन कामे दिली जातात : मशागत आणि राखण. राखण्यासाठी तेथे 'शामर' हे इब्री क्रियापद आहे. चौथ्या अध्यायात काइन देवाला उद्धटपणे विचारतो की, भावाची राखण माझ्याकडे आहे काय? तेथे त्याच धातूचा 'शोमेर', म्हणजे राखणदार, हा शब्द येतो. आणि नहेम्याच्या दुसऱ्या अध्यायाच्या आठव्या वचनात, पारसाचा राजा अर्तहशश्त याच्याकडे नहेम्या इमारती लाकडासाठी पत्र मागतो ते आसाफ नावाच्या अधिकाऱ्याला उद्देशून. हा आसाफ राजाच्या वनाचा 'शोमेर' आहे. तेथे वनासाठी 'पर्देस' हा पारसी मुळाचा शब्द आहे. ग्रीक भाषांतरकारांनी एदेन बागेसाठी जो शब्द वापरला तो याच कुळातला.

तीन जागा, एकच काम : बागेची राखण, भावाची राखण, राजाच्या वनाची राखण. शब्द एक असल्याने तिन्ही राखणी सारख्याच, असा सोयीचा समज होऊ शकतो. म्युलरचा तसा झाला आहे. त्याने आदामाला ओळखले आणि त्याला आसाफाच्या हाताखाली नेमले. मधली जागा, भावाच्या राखणदाराची, त्याच्या ध्यानातच आली नाही. वास्तविक मोगलीची पहिली कथा भावांच्या नावाची आहे. तुम्ही-आम्ही एका रक्ताचे, ही खूण शिकून तो रानात वाढला. पण हे बंधुत्व लांडग्यांपर्यंत पोचले, अजगरापर्यंत पोचले आणि शेळ्या राखणाऱ्या पोरापाशी येऊन थांबले.

आसाफाविषयी शास्त्र काही वाईट सांगत नाही. त्याचे लाकूड मंदिराच्या गढीच्या दरवाजांना आणि नगराच्या कोटाला लागले. साम्राज्याच्या रानातून देवाच्या कामाला तुळई मिळू शकते, हे नहेम्याला ठाऊक होते, आणि ती मागायला तो लाजला नाही. पण त्याच पुस्तकाचा पाचवा अध्याय उघडावा. कोट बांधला जात असतानाच गरिबांचा मोठा आक्रोश उठतो : राजाचा कर भरण्यासाठी शेते गहाण पडली, मुले-मुली दास झाली. नहेम्या बांधकामाची सबब सांगून तो आक्रोश दाबीत नाही. तो सभा बोलावितो आणि सावकारांकडून शेते परत देण्याची शपथ घेववितो. साम्राज्याच्या लाकडाने कोट उभारणाऱ्या या पुस्तकात, ज्यांच्या जिवावर साम्राज्य चालते ती माणसे आपल्या तोंडाने बोलतात. यशयाच्या चौदाव्या अध्यायात तर बाबेलचा राजा कोसळल्यावर लबानोनाच्या देवदारूंनाच वाचा फुटते. किपलिंगच्या रचनेत आणि या रचनेत मला जो मूलभूत फरक दिसतो तो हा. दोन्हीकडे वन आहे, राजा आहे, राखणदार आहे. एकीकडे मूळ मालक मुका आहे. दुसरीकडे त्याचे ऐकल्याशिवाय पुस्तक पुढे जात नाही.

६

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. कायदा नसता, पहारा नसता, तर सातपुड्यात आज झाड तरी उरले असते काय? ठेकेदाराच्या कुऱ्हाडीला आणि वाढत्या लोकसंख्येला कोणी आवरले असते? मी हा आक्षेप हलका मानीत नाही. पेंचचे रान आज उभे आहे आणि त्यात वाघ आहे, ही साधी गोष्ट नव्हे. परंतु त्याच पहाऱ्याने रेल्वेसाठी सरपण तोडले आणि शिपाई उभे करून गवत राखले, हेही खरे. राखण हवी की नको, असा प्रश्नच नाही. राखणदाराने हिशेब कोणाला द्यायचा, हा प्रश्न आहे.

साम्राज्य गेल्यावर हा प्रश्न सुटला असे म्हणता येत नाही. १९२७ चा वनकायदा दुरुस्त्यांसह स्वतंत्र भारतानेही चालू ठेवला. १९६४ साली मध्यप्रदेशाने तेंदूपत्त्याचा व्यापार सरकारी नियंत्रणात घेतला. व्यापाऱ्यांच्या लुटीला त्यामुळे आळा बसला, तरी पान कोणाचे, हा मूळ मुद्दा तसाच राहिला. १९९२ साली पेंच व्याघ्र प्रकल्प झाला. तो सिवनी व छिंदवाडा या दोन जिल्ह्यांत पसरला आहे, आणि मोगलीचा मुलूख म्हणून त्याची जाहिरात होते. पर्यटकांची मोठी गर्दी ज्या दरवाजाने आत जाते तो टुरियाचा. मोगलीचे नाव सर्वांना ठाऊक असते. १९३० साली त्याच गावात गवतासाठी पडलेल्या चौघांची नावे फार थोड्यांना.

२००६ साली संसदेने वनहक्क मान्यतेचा कायदा केला. वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे त्याच्या प्रस्तावनेतच कबूल केले आहे. वैयक्तिक दाव्यांबरोबर गावाच्या सामूहिक हक्काचीही तरतूद त्यात आहे, आणि हक्कदारांवर रान, वन्य प्राणी व पाण्याचे झरे राखण्याची जबाबदारीही टाकली आहे. तिच्यासाठी ग्रामसभेला अधिकार आहेत. ब्रँडिस यांची ग्रामवनाची कल्पना जवळजवळ सव्वाशे वर्षांनी, अधिक नेमक्या रूपात परत आली असे म्हणावयास हरकत नाही. कायदा कागदावरून रानात पोचणे हे निराळे काम; ते अजून पुरे झालेले नाही. पण राखणदार कोण, याचे उत्तर निदान बदलले आहे. ते आता पगारावरच्या एकट्या मोगलीत संपत नाही. गावही राखणदार आहे.

मग मोगलीच्या गोष्टी मुलांना वाचून दाखवू नयेत काय? अवश्य दाखवाव्यात. पाण्याचा तह त्यांना कळू द्यावा. बघीरासाठी त्यांनी जीव टाकावा. केवळ एवढेच करावे की, ते पुस्तक मिटल्यावर दुसरी एक गोष्ट सांगावी. मी तसे केले. पुढच्या रविवारी दुपारी मुलांना बादल भोईंची हकीकत सांगितली, आणि ज्यांना धरले ते याच गावात, हेही सांगितले. मोहफुलांविषयी विचारणारी मुलगी त्या दिवशी आलेली नव्हती. ती आजीबरोबर डोंगराकडे गेली होती, असे तिच्या भावाने सांगितले. मोहाचा हंगाम सरत आला होता.